दगडफुलातला पाऊस

"म्हणजे आपली सगळी जनावरं चांगली निघाली, हीच तुझी तक्रार?" योव्वानं बूट ओढून काढत विचारलं.

"हो, हीच," लायसा नवऱ्याला म्हणाली. "काल मोजलेल्या माद्यांपेक्षा आजच्या नरांचे आकडे कमी निघाले. यंदा रानात पाय टाकावा तिथं अळंबी, आणि नर दिवसभर तीच खातायत. किरणोत्सर्गाचं विष सगळ्यात जास्त अळंबीत साठतं. मग ते कमी निघतील कसे?"

"एकोणीस वर्षं मोजतेस," चुलीपाशी बसलेल्या सासूबाई, माय्या, म्हणाल्या. "एकदाचा बरा आकडा आला, तर हिच्या पोटात दुखायला लागलं!"

योव्वाला हसू आलं नाही. सकाळी कत्तलखान्याची गाडी येणार होती, आणि ती हंगामात एका कळपाकडे एकदाच येते. आठवड्याभरात नर माजावर आले की त्यांच्या मांसाला असा वास सुटतो की कुत्रंसुद्धा तोंड लावत नाही. मग कत्तल थेट हिवाळ्यात.

लायसा या डोंगरातल्या रेनडिअर कळपांची सरकारी मोजणीदार. दोघांनी जनावर धरायचं, तिनं मापक त्याच्या पुठ्ठ्यावर दाबायचं. आकडा जास्त आला की पाठीवर लाल पट्टा, म्हणजे ते कत्तलीला जायचं नाही. सख्ख्या बापाच्या कळपावरही तिनं पट्टे ओढले होते. मात्र सुरुवातीला नुसत्या जागेचा आकडा घ्यायचा, आणि तो प्रत्येक जनावराच्या आकड्यातून वजा करायचा.

नुसत्या जागेचा! लायसा ताडकन उठली. चिखल लागू नये म्हणून आज तिनं मापक ठेवलं होतं ते सासूबाईंच्या पोत्यावर.

कुंपणाशी पोतं तसंच होतं. कळपाच्या पुढं चालणाऱ्या रेनडिअरला चारायला माय्यांनी डोंगरावरून खुडून आणलेलं पांढरं दगडफूल. लायसानं मापक आधी उघड्या खडकावर ठेवलं. आकडा बारीक. मग पोत्यावर ठेवलं. आकडा चढला, चढतच गेला, पाचपट झाला.

तिनं मूठभर दगडफूल उचललं. कोरडं, वजनच नाही. ती आठ वर्षांची असताना एप्रिलमध्ये दोन दिवस पाऊस पडला होता, आणि ती तोंड उघडून थेंब झेलत उभी होती. अणुभट्टी फुटली होती ती जागा नकाशात तिला सापडतही नव्हती. तो देश मोडला, बाप गेला. आभाळातून पडेल त्यावर जगणाऱ्या या बिनमुळाच्या रोपात तो पाऊस मात्र अजून मुक्कामाला होता. ना रंग, ना वास. हजारो आकडे लिहिले होते तिनं, पण त्या पावसाला असं हातात कधी धरलं नव्हतं. ती श्वास रोखून बघत राहिली.

योव्वा मागे येऊन उभा राहिला.

"हात लावून बघ," ती म्हणाली.

त्यानं दोन बोटांत चुरगळलं. "काहीच कळत नाही."

"मलाही कळत नाही. म्हणून तर हे यंत्र. आणि मी त्यालाच चुकीच्या जागी बसवलं."

"कुणाला कळणार आहे, लायसा?"

घरात येऊन तिनं मोजणीच्या कागदावर आडवी रेघ मारली.

"आजची मोजणी रद्द," ती म्हणाली. "चूक माझी, तसं लिहून देते. सगळे नर पुन्हा धरून मोजायला सकाळपर्यंत वेळ नाही. उद्या गाडी येणार नाही. नर हिवाळ्यापर्यंत इथंच राहतील."