अलिकांतेचा किल्ला आणि आईची पाण्याची बाटली

किल्ल्यावर आई बोलायची थांबली, आणि ते माझ्या लक्षातच आलं नाही. मी फोनवर बोटीची वेळ बघत होतो.

आई पुण्याहून आमच्याकडे कॅनडात व्हिटबीला राहायला आली होती. मी दिवसभर ऑफिसात, बायको तिच्या कामावर, मुलगी मित्रमैत्रिणींत. आई बेसमेंटमध्ये टीव्ही लावून बसायची. हे मला दिसत होतं, आणि दिसत असूनही मी काही करत नव्हतो. मग ऑगस्टमध्ये सगळ्यांनी स्पेनला जायचं ठरवलं. समुद्रकाठचं अलिकांते. एका आठवड्यात मला सगळी भरपाई करायची होती. म्हणून किल्ला, मंडई, बोटीने बेट, संध्याकाळी लाटांच्या नक्षीच्या फरशीवरून फेरफटका, असं काहीही सोडायचं नाही असा बेत मी केला.

पहिला दिवस मंडईत मजेत सुरू झाला. टांगलेल्या डुकराच्या तंगड्या बघून आईने ओढणी नाकाला लावली. "हे दाखवायला आणलंस होय मला?" बाहेर आम्ही थंडगार ओर्चाता प्यायलो. एका कंदाचं गोड, दुधासारखं पेय. "थंडाई आहे की रे ही! मिरी टाकायला विसरलेत फक्त," असं म्हणून तिने दुसरा ग्लास मागितला.

त्यानंतर तिला वॉशरूमला जायचं होतं. थोड्या वेळाने पुन्हा. दर वेळी एखादा कॅफे गाठून, काहीतरी विकत घेऊन आत जावं लागायचं. तिसऱ्यांदा तिने माझी बाही ओढली तेव्हा मी भर रस्त्यात म्हणालो, "आई, परत? आत्ताच जाऊन आलीस ना!"

"राहू दे रे," ती म्हणाली. "तेवढी काही घाई नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला. डोंगराच्या पोटातून वर जाणारी लिफ्ट आहे, पण तिथे रांग होती आणि दुपारची बोट गाठायची होती. "चालत जाऊ, आई. पर्वतीपेक्षा काय मोठं असणार!" ती हसली आणि निघाली. ऊन सकाळीच कडक होतं. वर पोहोचल्यावर खाली निळा समुद्र आणि वाळूत रंगीबेरंगी छत्र्यांची गर्दी दिसली. मी बोट दाखवून म्हणालो, "ते बघ बेट. दुपारी तिथे जायचंय."

आई भलतीकडेच बघत होती. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "ह्यांना चहा दिला का रे?"

बाबांना जाऊन चार वर्षं झाली आहेत.

मुलगी आधी हसली. मग तिने आजीचा हात धरला आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, शी इज बर्निंग. शी इज नॉट ओके."

मी हात लावला. कातडी तव्यासारखी तापलेली आणि कोरडी. घामाचा थेंब नाही. आई भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. मी तिची पिशवी उघडली. हॉटेलातून निघताना दिलेली पाण्याची बाटली तशीच, झाकणाचं सीलसुद्धा न तुटलेलं. बोटीच्या सगळ्या वेळा मला पाठ होत्या. ॲम्ब्युलन्सचा नंबर माहीत नव्हता. किल्ल्याच्या पहारेकऱ्याने वॉकीटॉकीवर कुणाला तरी बोलावलं.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी फोनवर भाषांतर लावून मला विचारलं, शेवटचं पाणी कधी प्यायल्या? लघवीला कधी गेल्या? मी बायकोकडे पाहिलं.

बायको म्हणाली, "काल दुपारपासून नाही." मग मराठीत मला म्हणाली, "बाहेर पडायचं असलं की आई पाणी पीत नाहीत. माझी आईही नाही पीत. जायचं कुठे, म्हणून आधीच प्यायचं नाही. आम्हा बायकांना शाळेपासून हीच सवय. आणि त्यात काल तू..."

त्यात आईची रक्तदाबाची गोळी अंगातलं पाणी काढणारी. मीच व्हिटबीत रोज तिला विचारायचो, गोळी घेतलीस का? पाण्याचं कधी विचारलं नाही.

त्यांनी आईला आत नेलं. बाहेरच्या खुर्चीत मी फोन हातात घेऊन बसलो. पुण्याच्या बहिणीला काय सांगू? आणि मग मी जे केलं ते अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. परदेशात माणूस गेलं तर त्याला घरी कसं न्यायचं, हे मी फोनवर शोधलं. आई आत श्वास घेत होती आणि मी ते वाचत होतो.

सलाइन लावल्यावर संध्याकाळी तिने डोळे उघडले. मला ओळखलं. पहिलं वाक्य, "बोट चुकली ना रे तुमची? माझ्यामुळे."

बेट आम्ही पाहिलं नाही. आई हॉस्पिटलातून आल्यावर उरलेले दिवस त्या लाटांच्या फरशीवर, झाडांच्या सावलीत बसून काढले. ती बरी झाली, असं सगळे म्हणतात. माझी भीती काही गेली नाही.

गेल्या रविवारी मित्राकडे ग्वेल्फला निघालो होतो. हायवेवर आई शेजारी, आमच्या मध्ये बाटली. टोरोंटो मागे पडलं तरी पाणी होतं तेवढंच.

"आई, पाणी पी."

"प्यायले की मगाशी."

ती प्यायली नव्हती. मी पुढचा एक्झिट घेतला.

"आलं का ग्वेल्फ?"

"नाही. मला जायचंय वॉशरूमला," मी खोटंच सांगितलं.

"मग आलोच आहोत तर मीही जाऊन येते."

परत गाडीत बसल्यावर तिने बाटली हातात घेतली, झाकण उघडलं आणि विचारलं, "अजून किती लांब आहे रे?"

"वाटेत हवं तिथे थांबता येतं, आई. कितीही वेळा."

तिने एक घोट घेतला. थोडं थांबून माझ्याकडे पाहिलं, आणखी एक घेतला, आणि झाकण घट्ट लावून टाकलं. मी गाडी सुरू केली नाही. तिने ते पुन्हा उघडावं म्हणून मी किल्ली हातात धरून बसून राहिलो.