बंद राहिलेली ओळ

राजू कॉलेजात आला तेव्हा माझं प्रॅक्टिकल चालू होतं. दारातून मी त्याला पाहिलं. त्यानं हातानंच 'चालू द्या' अशी खूण केली आणि तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. मुलं शंका विचारत होती, मी उत्तरं देत होते आणि आतून मला कळत होतं, की प्रमिला गेली. तास संपवून बाहेर आले तर तो उठून उभा राहिला. "सकाळी गेली ताई," एवढंच म्हणाला. मग जरा वेळानं, "शैलाताईचा तास मोडू नकोस म्हनायची नेहमी. म्हनून थांबलो..."

राजू तिचा धाकटा भाऊ, पालमला कापडाचं छोटं दुकान सांभाळतो. आमची दोघींची ओळख परभणीत शिकायला आलो तेव्हाची. एका खोलीत राहिलो, एका कॉम्प्युटरवर आळीपाळीनं बसून प्रोग्राम लिहायला शिकलो. पुढं मी इथंच शिकवायला लागले. ती पुण्याला गेली, काही वर्षं बऱ्यापैकी नोकरी केली आणि वडील वारल्यावर आई एकटी पडली म्हणून परत आली. परभणीत औषधाच्या एका दुकानावरच्या दोन खोल्यांत एक लहानशी कंपनी होती, तिथं ती रुजू झाली. पुण्याबद्दल ती कधी हळहळली नाही. तिथं जे काम करत होते ते कुणासाठी होतं हे मला कधी कळलंच नाही, असं एकदा म्हणाली होती.

इथं मात्र कळत होतं. गोदावरीवरच्या एका बंधाऱ्याचे दरवाजे उघडायचे असले, की खालच्या गावांतल्या लोकांच्या फोनवर आधी संदेश जावा, असं काम तिच्या कंपनीला मिळालं होतं. तो सगळा प्रोग्राम प्रमिलानं लिहिला. पात्रात मेंढ्या बसवणारे, कडेला टरबूज लावणारे, मासे धरणारे, या सगळ्यांचे नंबर ती स्वतः गावोगाव एसटीनं हिंडून घेऊन आली. ऊन लागून आजारी पडली, पण आली ती हसतच. "अगं शैला, त्यांना वाटलं मी सिमकार्ड विकायलेय," म्हणाली.

तिच्या प्रोग्राममध्ये मराठी टिपा असायच्या. वाचकांना हे जरा समजावून सांगायला हवं. प्रोग्राम लिहिताना मधेमधे माणसांसाठी टीप लिहून ठेवायची सोय असते, तिला कॉमेंट म्हणतात. ओळीच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा मारल्या, की संगणक ती ओळ वाचत नाही, सोडून पुढं जातो. काही भाषांत त्यासाठी दुसरी खूण असते, काहींत मोठा भाग झाकण्यासाठी एक उघडणारी आणि एक मिटणारी अशी खुणांची जोडी असते. बाकीचे लोक या टिपा इंग्रजीत आणि कंटाळत लिहितात. प्रमिला मात्र शेजारी बसून बोलावं तशी लिहायची. 'इथं घाई करू नका, आधी पातळी बघा.' 'ही ओळ संदेश पाठवते, हिला हात लावताना दोनदा विचार करा.' मी तिच्या फायली मुलांना दाखवायचे, मुलांना हसू यायचं आणि लक्षातही राहायचं.

या सोयीचा दुसराही एक उपयोग आहे आणि तो सगळेच करतात. चालू काम तात्पुरतं थांबवायचं असलं, की त्या ओळी पुसत नाहीत, त्यांच्यापुढं रेघा मारून ठेवतात. काम थांबतं, ओळी जागच्या जागी राहतात. गरज पडली, की रेघा काढायच्या. त्या उन्हाळ्यात बंधाऱ्याच्या दरवाजांची दुरुस्ती चालली होती. दरवाजा जरा हलला, की संदेश जायचा आणि खाली पाण्याचा थेंब नसायचा. लोक वैतागले, संदेशाकडं बघेनासे झाले. मग वरून सांगणं आलं, की पावसाळ्यापर्यंत संदेश बंद ठेवा. प्रमिलानं ते बंद केलं. जोडीची खूण वापरली असती तर एका फटक्यात झालं असतं. पण तशीच एखादी जोडी आत आधीपासून असली, तर आतली मिटणारी खूण बाहेरचा भागही तिथंच मिटवते आणि उरलेल्या ओळी उघड्या पडतात. हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं एकेका ओळीपुढं वेगळ्या रेघा मारल्या. काळजी म्हणून मारल्या.

त्याच उन्हाळ्यात तिला गाठ निघाली. नांदेडच्या दवाखान्यात उपचार सुरू झाले. बोटांना मुंग्या यायच्या, वाचताना अक्षरं हलायची. तरी पाऊस लागायच्या आत तिनं खाटेवर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन त्या रेघा काढल्या. मी शेजारीच होते, मोसंबी सोलत होते. ऑफिसातल्या तिच्या पडद्यावर टिपा हिरव्या दिसायच्या आणि चालू ओळी काळ्या. दवाखान्यातून ती ज्या साध्या पडद्यावरून ऑफिसच्या संगणकात शिरली होती, तिथं सगळंच एका रंगाचं होतं. तिनं चाचणी घेतली, पडद्यावर 'संदेश गेला' असं आलं. तिनं लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "झालं बाई. आता पाऊस येऊ दे."

वर पाऊस झाला, दरवाजे उघडले. पालम तालुक्यातल्या एका गावाखाली पात्रात यशवंता नावाच्या धनगराच्या मेंढ्या बसल्या होत्या. बंधाऱ्यावरचा भोंगा वाजला, पण तो एवढ्या लांब ऐकू जात नाही. दुपारची वेळ होती. पाणी येताना दिसलं तेव्हा यशवंतानं बायकोला आणि मुलाला काठावर चढवलं आणि जाळीत कोंडलेली कोकरं सोडायला तो परत खाली गेला. तो दुसऱ्या दिवशी बराच खाली सापडला.

चौकशी लवकर आटोपली. भोंगा वाजला होता आणि संगणकात संदेश गेल्याची नोंद होती. फोन त्यानं पाहिला नसेल, असं सगळे धरून चालले. प्रमिलाला कुणी काहीही विचारलं नाही. पण यशवंताची बायको गोदाबाई 'फोन वाजलाच न्हाई' असं म्हणते, हे राजूच्या दुकानात कुणीतरी बोललं आणि राजूनं सहज तिला सांगितलं. तिनं मला बोलावून घेतलं. मी पोचले तर ती ऑफिसात तिच्या कॉम्प्युटरसमोर बसली होती, डोक्याला रुमाल बांधलेला. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. टिपांच्या तीन-चार ओळी आणि त्यांच्या खालोखाल, त्यांच्यासारख्याच दोन रेघा पुढं घेऊन, संदेश पाठवणारी ओळ. बाकी सगळ्या ओळींच्या रेघा निघाल्या होत्या, हिच्या राहिल्या होत्या. तिच्या पुढची, 'संदेश गेला' अशी नोंद करणारी ओळ चालू होती. माणसाला सांगायची गोष्ट आणि गप्प बसवलेलं काम यांतला फरक संगणकाला कळत नाही. त्या दिवशी तिलाही कळला नव्हता.

ती रडली नाही. "मला टीप वाटली गं ती," एवढंच परत परत म्हणत राहिली.

कंपनीच्या मालकानं तिला समजावलं. आजारी आहेस, भोंगा वाजला होता, प्रकरण मिटलंय, आता कशाला उकरतेस... वाईट माणूस नव्हता तो, घाबरला होता. प्रमिलानं ऐकून घेतलं. चार दिवसांनी ती मला म्हणाली, "चल माझ्यासोबत. एकटीनं जाववत न्हाई."

गोदाबाई घराच्या ओट्यावर बसली होती. पस्तिशीची असेल. प्रमिलानं खाली जमिनीवर बसून सगळं सांगितलं, संगणकाचा एकही शब्द न वापरता. फोनवर निरोप जायचं काम माझ्याकडं होतं, ते मी बंद केलं होतं, परत चालू करताना माझ्याकडून एक गोष्ट राहून गेली. निरोप गेलाच नाही. तुमचं खरं आहे.

गोदाबाई बराच वेळ तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "देवानं नेलं म्हनून बसले व्हते मी. कसंबसं मन घट केलं व्हतं. आता तुमी आलाव. आता मला तुमचं तोंड दिसत ऱ्हाईल... ह्याचं काय करू मी?"

आम्ही उठलो. आत कुणीतरी पाणी भरून ठेवलेला तांब्या होता, तो आम्हाला कुणी दिला नाही आणि आम्ही मागितला नाही. एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. "मी माझं ओझं तिच्या डोक्यावर ठेवून आले का गं?" असं तिनं विचारलं. मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

पुढं तिनं लेखी जबाब दिला. नोकरी गेली. चौकशी परत उघडली, रेंगाळली आणि प्रमिला गेली तेव्हाही रेंगाळतच होती. उपचारांतून ती मधे बरी झाली, तेव्हा मी तिला आमच्या कॉलेजात तास घ्यायला बोलावलं. ती फार चांगलं शिकवायची, पण एका गोष्टीवर कठोर होती. कुणाच्या प्रोग्राममध्ये बंद करून ठेवलेल्या ओळी दिसल्या, की त्या पुसायला लावायची. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, परत लागल्या तर?" ती म्हणाली, "जुनी प्रत जपलेली असते, तिच्यातून आणा. नाहीतर परत लिहा. टीप ही टीप असू द्या आणि काम हे काम. दोन्हीला एकच कपडे घालू नका." वर्गात कुणालाच तिची हकिगत ठाऊक नव्हती.

आणि दर पावसाळ्यात, बंधाऱ्यातून पाणी सुटणार असं कळलं, की ती स्वतः गोदाबाईला फोन करायची. संदेश आता नीट जात होते, दुसरं कुणीतरी ते काम बघत होतं. तरी करायची. पहिल्या वर्षी गोदाबाई आवाज ऐकून फोन ठेवून द्यायची. मग ठेवेनाशी झाली, ऐकून घ्यायची. मग 'हं' म्हणायला लागली. एकदा घंटाभरानं तिचाच उलटा फोन आला, "आलाव वर." प्रमिला त्या दिवशी माझ्याकडं जेवायला होती. फोन ठेवून ती मोरीत गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून आत उभी राहिली. तेव्हापासून तसंच ठरून गेलं. ही पाणी सुटतंय म्हणून सांगायची, ती वर आल्याचं कळवायची. दुसरं काहीच त्या दोघी कधी बोलल्या नाहीत. माफी हा शब्द निघाला नाही. गाठ परत आली तेही प्रमिलानं तिला सांगितलं नव्हतं.

प्रमिलाचा फोन राजूनं माझ्याकडं आणून दिला, कॉलेजातल्या मुलांचे निरोप त्यावर येत राहतात म्हणून. मागच्या आठवड्यात वर पाऊस झाला. मी पेपर तपासत बसले होते, पाणी सोडल्याचं मला ठाऊकही नव्हतं. फोन वाजला. पडद्यावर गोदाबाईचं नाव होतं. मी उचलला.

"बाई न्हाईत, ठाव हाय मला," ती म्हणाली. "पालमात कळलं. पर निरोप आला फोनवर, अन् सांगितल्याबिगर बसवंना..."

मागं मेंढ्यांचा आवाज येत होता. वारा लागत होता फोनला.

"आलाव आमी वर," ती म्हणाली. "समदे आलाव."

मी 'हं' म्हणाले. नंतर कितीतरी वेळ आम्ही दोघींनीही फोन ठेवला नाही.