मातीशिवायची मेथी

चारकोपच्या नाक्यावर एक मावशी मढहून आणलेली बारीक मेथी विकते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. जुडी बांधताना ती दोऱ्याचं टोक दातांत धरते, म्हणूनच माझं भाषण तिने मध्ये न बोलता ऐकलं असावं.

"मावशी, माझ्या बाल्कनीत पाइप आहेत. पाण्यात खत, मोबाइलवर अलार्म. मातीशिवाय शेती! तुमची पद्धत आता जुनी झाली."

तिने दोरा सोडला. "आमच्याकडे तरी माती कुठे रे? ही किनाऱ्यावरच्या वाळूत होते. दहा-बारा दिवसांत काढतो. तुझी कधी निघणार?"

माझी दीड महिना तीन पानांवर अडली होती.

तेव्हापासून मी तिच्याच जुड्या घरी नेतो. बायको शेजारणींना कौतुकाने सांगते, "ह्यांच्या पाइपातली आहे." बाल्कनीत मी कुणाला फिरकू देत नाही, रोपांना त्रास होतो, असं सांगून ठेवलंय.

मावशीला यातलं काहीच सांगितलेलं नाही. पण काल तिने जुडी दोनदा आपटली, मुळांवर फुंकर मारली आणि माझ्या हातात ठेवली.

"वाळू नीट झटकलीय," ती म्हणाली. "घरी कळणार नाही."