उजेडाचा बाण

गेले बरेच महिने मी इथं नुसता वाचतो. तुमचे अनुभव वाचून बहुतेक वेळा हसलोच आहे, खोटं कशाला सांगू. कुणाला पैंजण ऐकू येतात, कुणाची गाडी वडाखाली आपोआप बंद पडते... माझ्याकडे यातलं काहीच नाही. भर दुपार आहे, बाजाराचा दिवस आहे आणि मोबाइलवरचा एक फोटो आहे. एवढ्यानं ज्यांचं भागणार नाही त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आमच्या घरात भूतखेत, नवस, अंगारे-धुपारे यांना जागा नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरी आल्या आल्या ते सगळं घराबाहेर काढलं. त्यानंतर आमच्यापैकी कुणालाच त्याची गरज पडली नाही. वडील म्हणायचे, आधी पुरावा दाखव, मग बोल. मी तेच माझ्या मुलीला शिकवलं, आणि ती माझ्याही दोन पावलं पुढं निघाली — शास्त्रज्ञच झाली. त्यामुळे हे लिहिताना मला लाज वाटते आहे. तुमची नाही, तिची.

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. नोकरी मोहाडीच्या एका शाळेत झाली, घर भंडाऱ्याजवळ शहापूरला, हायवेपासून जरा आत. मुलगी प्रज्ञा, एकुलती एक. बंगळूरला एका संशोधन संस्थेत होती, विषय ग्रहविज्ञान. ग्रहविज्ञान म्हणजे पत्रिका पाहणं नव्हे, हे गावात सांगून सांगून माझं तोंड दुखलं. तिच्या आईला तर बाया सरळ विचारायच्या, पोरगी साडेसातीवर काही सांगते का म्हणून. प्रज्ञाचं काम होतं चंद्रावरच्या विवरांवर — दगड आदळून जे खड्डे पडले त्यांच्यावर.

नोकरीशिवाय तिचा आणखी एक उद्योग होता. मोबाइलवर एक चॅनल चालवायची, मराठीतून. कुठल्या यानानं काय पाहिलं, कुठं उन्हाळी इंटर्नशिप निघाली, पीएचडीच्या जागा कुठं आहेत, अर्जात काय लिहायचं आणि काय नाही, असं सगळं. तिला स्वतःला हे फार उशिरा आणि फार ठेचा खाऊन कळलं होतं. भंडाऱ्याच्या पोरींना तरी वेळेवर कळू दे, असं तिचं म्हणणं. थकून घरी आली तरी पोस्ट टाकल्याशिवाय जेवायची नाही. चॅनलवर ॲडमिन दोघंच, ती आणि मी. मी कशासाठी, तर शुद्धलेखन तपासायला.

आता बाणाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

चंद्राचा वरून काढलेला फोटो पाहिलात तर खड्डा कुठला आणि टेकडी कुठली हे डोळ्यांना चटकन कळत नाही. उजेड कुठून पडलाय हे ठाऊक असेल तरच कळतं. उजेडाची बाजू चुकली की खड्डा फुगून टेकडी दिसायला लागतो. तोच फोटो उलटा धरा, टेकडी आत जाते. म्हणून प्रज्ञा प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात बोटानं एक लाल बाण काढायची — उजेड इकडून. ही सवय तिनं माझ्याकडून उचलली होती. वर्गात मी टेबलावर भंडाऱ्याचा पितळी गुंड, म्हणजे पाणी भरायचं भांडं, ठेवायचो, आणि पोरांना आधी कागदाच्या कोपऱ्यात उजेडाचा बाण काढायला लावायचो. बाण नाही तर मार्क नाहीत.

पण माझ्या वर्गाला खिडक्या एकाच बाजूला, डावीकडे. जन्मभर माझा उजेड डावीकडून, वरून आला. प्रज्ञा पोस्ट टाकण्याआधी तोच फोटो मला बिनबाणाचा पाठवायची आणि लगेच फोन करायची. मी हमखास टेकडी म्हणायचो. हमखास खड्डा निघायचा. मग ती खो खो हसायची.

"बाबा, तुमचा सूर्य कधी जागा बदलवतच नाही का जी?"

मी चिडल्यासारखं करायचो. पुढं पुढं तर मुद्दामच टेकडी म्हणायचो, ते हसणं ऐकायला.

मागच्या दिवाळीनंतर ती गेली. ताप आला, डोक्यात गेला, आणि आम्ही बंगळूरला पोचेपर्यंत बोलणं बंद झालं होतं. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

चॅनलवर पोरं विचारत राहिली, ताई, या महिन्याच्या इंटर्नशिपचं काय? कितीतरी जणांना ठाऊकच नव्हतं. मी दोनदा चॅनल बंद करायला घेतलं. हात धजावला नाही. मग तिच्या प्रयोगशाळेतला सौरभ म्हणाला, काका, माहिती आणि फोटो मी पाठवत जातो, तुम्ही मराठी करून टाका. तसं सुरू केलं. बाणही मीच काढू लागलो. सौरभला ॲडमिन करणं मात्र मी टाळलं. चॅनल तिचं आणि माझं एवढंच राहू दे, असं वाटायचं. सुनंदा, माझी बायको, तिनं ते चॅनल उघडलंही नाही. प्रज्ञाचं नावच घरात निघेनासं झालं होतं.

मार्चमधली गोष्ट. सौरभनं चंद्राचा एक नवाकोरा फोटो पाठवला, त्याच आठवड्यात प्रसिद्ध झालेला. मोहाडीचा बाजार होता, मला एसटी गाठायची होती. घाईत मजकूर लिहिला, कोपऱ्यात बाण काढला, टाकला आणि निघालो. बाण कुठून काढला असेन? अर्थात डावीकडून, वरून. विचारसुद्धा केला नाही.

बाजारात मेथी घेतली, वांगी घेतली आणि चहाच्या टपरीवर टेकलो. ऊन चांगलंच तापलं होतं. पोरांनी काय विचारलंय बघावं म्हणून चॅनल उघडलं... तर बाण उजवीकडून, खालून. पोस्टखाली बारीक अक्षरात 'संपादित' असं आलेलं. आणि फोटोतली माझी टेकडी खाली गेली होती, चांगला खोल खड्डा होता तो.

भीती वगैरे काही वाटली नाही. राग आला. कुणीतरी माझ्या मुलीच्या बाणाची नक्कल केली म्हणून. कारण तो तिचाच बाण होता. मी तीस-पस्तीस वर्षं पोरांच्या रेघा तपासल्या आहेत, हात ओळखतो मी. प्रज्ञा डावखुरी. तिची रेघ मधे थोडी पोटात सुटायची, आणि बाणाचं टोक ती बोट न उचलता एका दमात काढायची. पहिलीपासून तसंच. माझ्या मोबाइलच्या गॅलरीत तपासलं, तिथं माझा बाण जागच्या जागी, डावीकडे. चॅनलवर तिचा.

तिथूनच सौरभला फोन लावला. तो म्हणाला, सकाळी बाण चुकलेला त्यालाही दिसला होता, मला कळवणारच होता, तेवढ्यात मीटिंग लागली. बाहेर येऊन पाहतो तर बरोबर झालेला. त्याला वाटलं, काकांच्या लक्षात आलं असेल.

आता प्रज्ञा असती तर काय म्हणाली असती? बाबा, आधी साधं कारण शोधा. म्हणून शोधलं. तिनं पोस्ट आधीच लावून ठेवली असेल? पण फोटोच ती गेल्यावर निघालेला. तिचा नंबर कंपनीनं दुसऱ्या कुणाला दिला असेल? लावून पाहिला, हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणाले. संस्थेचा लॅपटॉप? तो सौरभच्या समोरच पुसून कोरा केला होता. राहिला तिचा मोबाइल. तो आमच्या कपाटात, तिच्या ओढणीत गुंडाळलेला. काढला, चार्जिंगला लावला, काही नाही. भंडाऱ्याला दुकानात नेला तर त्यानं मागचं झाकण उघडून दाखवलं. बॅटरी फुगून तट्ट झालेली. हा बऱ्याच महिन्यांत चालूच झालेला नाही म्हणाला.

एक कारण उरतं, ते माझ्या पुतण्यानं अडखळत सांगितलं. काका, दुःखात माणूस काहीतरी करते आणि त्याले आठवतही नाही. म्हणजे मीच. मी रागावलो नाही, कारण तेच सगळ्यात साधं कारण होतं. बसून तो बाण काढून पाहिला. उजव्या हातानं, मग डाव्या हातानं. कागद भरला, मोबाइलचा पडदा भरला. तो बाण काही मला आला नाही. येत असेल आणि तेव्हा आला नसेल, असंही कुणी म्हणू शकतं. म्हणा.

खरं सांगू? एकेक कारण खोटं पडत गेलं तसा मला आनंद होत गेला. आणि आनंद झाला की लगेच तिची लाज वाटायची.

सुनंदाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण लपेना. ती अंगणात लाखोरीची डाळ निवडत बसली होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं, फोटो दाखवला. तिनं हात पुसले, मोबाइल घेतला, बराच वेळ पाहिलं.

"तिनं काही लिवलं का? माह्यासाठी?"

"नाही. बाणच हाय फक्त."

"एक शब्द बी नाही?"

मी मान हलवली. ती परत डाळ निवडायला लागली. हातातली डाळ आणि खडे दोन्ही एकाच सुपात टाकत होती. मी बघत राहिलो आणि मला रडू आलं. पोरगी एवढ्या लांबून आली म्हणावं तर चूक दुरुस्त करून गेली, आईला एक शब्द टाकला नाही. पण हे अगदी तिच्यासारखंच होतं, त्याला काय करणार. घरी आली तरी पिशवी खाली ठेवायच्या आधी भिंतीवरचं वाकडं कॅलेंडर सरळ करायची.

यानंतर मी जे केलं ते चांगलं नव्हतं. मी जाणूनबुजून बाण चुकवू लागलो. सौरभ म्हणायचा, काका, उलटा झाला. मी म्हणायचो, करतो दुरुस्त, आणि करायचो नाही. पोस्ट टाकायची, आणि मोबाइल समोर ठेवून बसायचं. हळूहळू सुनंदाही शेजारी येऊन बसू लागली. जी चॅनलचं नाव काढू देत नव्हती, ती मांडीवर सूप घेऊन पडद्याकडे बघायची. विचारायची, "बदलला का जी?" मी म्हणायचो, नाही. मग चहा व्हायचा, पुन्हा तेच विचारायची. इतक्या महिन्यांत आम्ही पहिल्यांदाच एका जागी बसत होतो, हेही खरं.

एकही बाण बदलला नाही.

मग एक मेसेज आला. मोहाडीकडचीच मुलगी, बीएस्सीला. तिनं चॅनलवरच वाचून एका इंटर्नशिपचा अर्ज केला होता, मुलाखतीपर्यंत गेली होती. तिथं तिला चंद्राचा फोटो दाखवला आणि खड्डे ओळखायला सांगितले. तिनं सगळं उलटं सांगितलं. निवड झाली नाही. तक्रारीचा सूर नव्हता. लिहिलं होतं, "सर, मी रोज तुमच्या फोटोवरून सराव करून राहिली होती. माझंच चुकलं असेल. पण बाण एकदा पाहून घ्याल का?"

मेसेज मी सुनंदाला वाचून दाखवला. ती उठली, आत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

"बरोबर काढा आता," ती म्हणाली. "तिले चूक चालत नव्हती."

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून चुकलेले सगळे बाण शोधून काढले. ती सौरभचे मेसेज बघून सांगायची, मी दुरुस्त करायचो. त्या मुलीची माफी मागितली. खरं कारण सांगितलं नाही, काय सांगणार? पुढच्या इंटर्नशिपची माहिती पाठवली, सौरभशी तिचं बोलणं करून दिलं. आता ती नेमानं फोन करते, आणि मी बिनबाणाचा फोटो पाठवून तिला ओळखायला लावतो. ती बरोबर ओळखते. बरं वाटतं, आणि बोलणं संपल्यावरही मोबाइल हातातच राहतो.

तो एक बाण कुणी बदलला, मला आजही माहीत नाही. इथं कुणी ॲप बनवण्याच्या कामातलं असेल आणि याचं साधं कारण देऊ शकत असेल तर जरूर द्या. मला नको असलं तरी द्या. प्रज्ञानं तेच मागितलं असतं.

चॅनल चालू आहे. फोटो आला की मी घाई करत नाही, आधी सावली पाहतो, सूर्य कुठं असेल ते ठरवतो, सौरभला विचारून खात्री करतो, मगच बाण काढतो. बरोबर काढतो. बाण बरोबर असला की तिला यायचं कारण उरत नाही, हे मला कळतं. सुनंदाला कळतं की नाही, मी विचारलेलं नाही. पोस्ट टाकून अंगणात आलो की ती सुपातून मान वर करते.

"बदलला का जी?"

"नाही," मी सांगतो. "बरोबरच होता."