मोरितासानांचे आधीचे फोन

मोरितासान मीटिंगमध्ये जवळजवळ बोलतच नसत. जे बोलायचं ते आधीच एकेकाला गाठून बोलून झालेलं असे. सँडीफोर्डच्या आमच्या जपानी कंपनीत ते मॅनेजर होते, ब्रेंडन आयरिश टीम लीड आणि मी पुण्याहून आलेली सॉफ्टवेअर टेस्टर. पहिल्याच महिन्यात मी भर मीटिंगमध्ये एक सूचना केली. सगळे टेबलाकडे बघत राहिले. नंतर किचनमध्ये कप विसळता विसळता मोरितासान म्हणाले, "सूचना चांगली होती. पण आधी मला सांगायची, मग ब्रेंडनला, मग ओसाकाच्या हेड ऑफिसातल्या लोकांना. मीटिंगमध्ये फक्त मान हलवायची."

मग मीटिंग घ्यायचीच कशाला, असं मला वाटलं. तोंडावर अर्थात मान हलवली.

२०२०च्या मार्चमध्ये ऑफिस बंद झालं. गाठायला माणसं समोर राहिली नाहीत, म्हणून मोरितासान फोन करू लागले. आधी हवापाणी, मग पुण्यातल्या आईची तब्येत, शेवटी काम. "सासरेबुवांचा फोन आला गं," असं माझी रूममेट ओरडायची.

त्या वर्षी माणसं कमी करायचं ठरलं. यादीत माझंही नाव होतं. माझं वर्क परमिट याच नोकरीवर होतं. नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा. मी घाबरले होते. यादी ठरवायची मीटिंग संपल्यावर ब्रेंडनचा फोन आला. "तू राहिलीस, ग्रँड! तुझं नाव यादीतून काढलं, कुणी एक शब्द बोललं नाही, पुढचा विषय. आठवडाभर मोरिता पहाटे उठून ओसाकाला फोन करत होता. आम्हालाही केले. एकूण अकरा जणांना."

मी आभार मानायला फोन केला तर मोरितासान म्हणाले, "मी कुठे काय केलं? कुणी हरकतच घेतली नाही."

त्यांची मुलगी इथल्या शाळेत शेवटच्या वर्षाला होती. तिची परीक्षा जूनमध्ये. "तोवर इथे राहायला मिळालं, की झालं," असं ते एकदा मला म्हणाले होते. स्वतःसाठी काही मागताना मी त्यांना तेवढंच ऐकलं.

२०२१च्या मार्चमध्ये त्यांना महिनाअखेरीस ओसाकाला परत बोलावायचं घाटत होतं. ब्रेंडनने मला मीटिंगच्या चार दिवस आधी सांगितलं. व्हिडिओ मीटिंगमध्ये ओसाकाच्या साहेबांनी निर्णय वाचला आणि विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मुलीच्या परीक्षेपर्यंत त्यांना इथे राहू द्या ना!" स्क्रीनवरच्या सगळ्या चौकोनांतली माणसं खाली बघू लागली. पुढचा विषय सुरू झाला.

संध्याकाळी मोरितासानांचा फोन आला. हवापाणी झालं, आईची तब्येत झाली. मग ते म्हणाले, "सूचना चांगली होती."

पुढचं ते बोलले नाहीत. मला पाठ होतं. आणि त्या चार दिवसांत मी फोन केले नव्हते असंही नाही. त्याच अकरा जणांना केले होते, निरोपाच्या कार्डावर कोण काय लिहिणार हे विचारायला.