मरकापी, कागलमार्गे

कर्नाटकातल्या मुडिगेरेहून निघालो तेव्हा पिशवीत कपडे कमी आणि कॉफीचं कच्चं बी जास्त होतं. घरी कढईत कॉफी भाजायचा मला भारी नाद. त्या धुरानं नाशकातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या भिंती पिवळ्या पडल्या, बायकोनं डोक्याला हात लावला, पण नाद काही सुटला नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं. वेगळ्या जातीचं बी हवं तर थेट मळा गाठावा लागे.

मळ्याचे मालक जैन. निघताना म्हणाले, "वाटेत कोल्हापूर लागतं ना? कागलजवळ माझी थोरली बहीण असते. तिला एवढं द्या." पिशवीत मरकापी होती (कानडीत मर म्हणजे झाड, घराएवढी उंच वाढणारी कॉफी). टपोरं, एका अंगाला कललेलं बी. त्यांच्या वडिलांनी फाटकाशी लावलेलं ते एकच झाड यंदाच्या वाऱ्यात पडलं होतं. "वडील गेल्यापासून अक्का इकडं आलीच नाही. ही कॉफीही तेव्हापासून तिच्या तोंडी नाही. आता हे शेवटचं." मलाही त्यांनी थोडं बी दिलं, कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत मावेल एवढं. ती डबी मी शर्टाच्या खिशात ठेवली.

कोल्हापुरात सकाळी उतरलो. कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या होत्या आणि माणसं समोर पिळलेलं दूध उभ्यानं पीत होती. मीही पेला तोंडाला लावला; मिशीवर फेस चिकटला. शेजारच्या रिक्षावाल्यानं पिशवीकडं बोट केलं.

"काय पावणं, शेंगा व्हय?"

"कॉफी."

"ती कशाला? दूध प्या की! कॉफी आजाऱ्याला द्यायची."

मी पेला रिकामा केला.

कागलपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागून एसटी रखडत गेली. तिथून पुढं गाव, आणि गावात अक्कांचं कौलारू घर. दारात त्यांचे यजमान उभे होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. मुडिगेरेहून कॉफी आणल्याचं मी सांगितलं. अण्णांचा आवाज असा, की शेजारच्या गल्लीतल्यानं वळून बघावं.

"या की पावणं! अगं, तुझ्या म्हायेरचा कडू काढा आला बघ!"

अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. "तम्मानं (धाकट्या भावानं) पाठवली व्हय?" पिशवी उघडून त्यांनी तोंड आत घातलं आणि बराच वेळ वर काढलंच नाही. झाड पडल्याचं मी सांगितलं. त्यांनी पिशवीचं तोंड जपून बांधलं.

जेवणं उरकून लोखंडी कढई चुलीवर चढली आणि पिशवीतलं सगळं बी तिच्यात गेलं. बी पिवळं झालं, मग तांबूस, मग लाह्यांसारखं तडतडायला लागलं. घरभर पिकल्या फणसाचा वास सुटला. "फाटकाशी गेलं की ह्योच वास यायचा," अक्का म्हणाल्या आणि डोळे पुसत हसल्या.

मार्चातला दिवस कलायला लागला होता. अक्का दिवस बुडाल्यावर तोंडात काही घालत नसत, कांदा-लसूण तर वर्ज्यच. वीज गेलेली, त्यामुळे मिक्सर बंद. खलबत्त्यात ते टपोरं बी काही लवकर फुटेना. अण्णा अस्वस्थ झाले. "आण इकडं. कांडपावर (मिरची कुटायच्या गिरणीत) नेतो. डिझेलवर चालतंय ते." आम्ही नको म्हणेपर्यंत डबा घेऊन त्यांची एम-एटी दुचाकी फाटकाबाहेर!

अण्णा परतले ते हसत. झाकण उघडलं आणि मला फटाफट शिंका सुरू झाल्या. पूड लालसर होती.

अक्कांनी विचारलं, "आधी काय कुटलं हुतं त्यात?"

"चटणी." (कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसणाचं तिखट.) "पर फडक्यानं पुसून घेतलं की!"

अक्कांनी झाकण लावलं. "जाऊ दे," म्हणाल्या आणि आत गेल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण अण्णा पायरीवर मटकन बसले. "आयुष्यभर हिला ह्या कॉफीवरनं चिडीवलं. आज म्हटलं, आपल्या हातानं काय तरी करावं. माती केली बघा, पावणं."

खिशातली डबी मी अक्कांसमोर ठेवली. खरं सांगतो, जिवावर आलं.

"ती तुमची हाय," त्या म्हणाल्या.

"भाजा तुम्ही."

त्यांनी भाजली. तोवर दिवस बुडाला. "सकाळी पिते," म्हणून डबी भिंतीतल्या देवळीत ठेवली. अण्णा मला हायवेपर्यंत सोडायला आले. "आता त्या डबीला कुणाचा हात लागू देत न्हाय. माझाबी न्हाय," वाटेत म्हणाले.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "अहो, एवढी वणवण केलीत, कशी होती ती कॉफी?" चाखलीच नाही म्हटल्यावर ती पोट धरधरून हसली. मलाही हळहळ होतीच. प्रवासातून माणूस काही ना काही घेऊन येतो. मी शर्टाच्या खिशात फणसाचा वास तेवढा आणला होता, आणि तोही धुण्यात गेला.

आठवड्यानं फोन वाजला. रिसीव्हर कानापासून लांबच धरावा लागला.

"प्याली की, पावणं! पयला घोट मला दिला."

"कशी लागली?"

"कडू. खोटं कशाला बोलू?" मग आवाज एकदम खाली आला. "मुडिगेरीला जायला गाडी कुठनं मिळती वो? ऊस गेला कारखान्याला. हिला म्हायेरी न्यायची म्हणतोय."

मी गाड्या सांगितल्या. "पण अक्का येतील का?"

"येतील का? पिशवी भरून बसलीया सकाळधरनं."