शेवटच्या षटकाची पंच

साधना बोडखे अकोट आगारात एसटीची कंडक्टर आहे. वय एक्केचाळीस, बांधा बारीक, आवाज मात्र मागच्या सीटपर्यंत पोचणारा. तिचं माहेर अंजनगाव सुर्जीचं. घरचा भाजीपाल्याचा मळा, आणि थोरला भाऊ अमोल क्रिकेटवेडा. मुलींना त्या काळी मैदानावर कोणी घेत नसे. पण साधनाचं अक्षर नेटकं, म्हणून भावाच्या संघाचं धावफलकाचं वही-पेन तिच्या हाती आलं. सात-आठ वर्षं तिनं सीमारेषेबाहेर बसून प्रत्येक चेंडू लिहिला. बॅट तिनं कधी धरली नाही, पण पायचीत कशाला म्हणतात आणि नो-बॉल कधी होतो, हे अंजनगावातल्या निम्म्या खेळाडूंपेक्षा तिला चांगलं कळायचं.

लग्न झालं, नोकरी लागली, ते सगळं मागे पडलं. चार वर्षांपूर्वी अकोटात महिला आणि मुलींचा क्रिकेट महोत्सव सुरू झाला. निवृत्त खेळशिक्षक किसनराव यांनी तो उभा केला होता. साधनाची मुलगी आचल शाळेच्या संघात होती, म्हणून साधना सुट्टी टाकून बघायला गेली.

त्या दिवशी बार्शीटाकळीच्या मोनाली नावाच्या मुलीनं पहिल्याच चेंडूवर समोरच्या मुलीचा मधला स्टंप उडवला. पंच म्हणून उभा असलेला तरुण हसत म्हणाला की जाऊ द्या, पहिलाच चेंडू आहे, खेळू द्या तिला. स्टंप पुन्हा उभे केले गेले. मोनाली चेंडू पँटला पुसत परत आपल्या खुणेकडे चालत गेली. प्रेक्षकांतले काही जण त्या पंचाच्या दिलदारपणावर टाळ्या वाजवत होते.

साधनाला मात्र बसवेना. सामना संपल्यावर ती किसनरावांकडे गेली.

"सर, पोरायच्या सामन्यात असं चालते का?" तिनं विचारलं. "मंग पोरींच्यात काहून?"

किसनरावांनी हात वर केले. बाई पंच मिळत नाही, पुरुष येतात ते गंमत म्हणून येतात, असं त्यांचं म्हणणं. तूच उभी राहत असशील तर राहा, असं ते सहज बोलून गेले. साधनानं ते सहज घेतलं नाही. तिनं त्यांच्याकडून नियमांचं पुस्तक मागून नेलं.

ते पुस्तक तिनं गाडी स्टँडवर थांबे तेव्हा वाचलं. ड्रायव्हर चहाला उतरला की ती शेवटच्या सीटवर बसून पानं उलटायची. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी अमरावतीला पंचांच्या वर्गाला जाऊ लागली. तिथे पंधरा पुरुषांत ती एकटी होती. परीक्षेत ती तिसरी आली. पुढच्या महोत्सवात पांढरा कोट घालून ती मैदानात उतरली. पहिल्याच सामन्यात तिनं नऊ वाइड दिले, तेव्हा मुलींनीच कुरकुर केली. वर्षभरानं त्याच मुली सरळ रेषेत चेंडू टाकू लागल्या.

यंदाच्या जानेवारीत अंतिम सामना अंजनगाव आणि बार्शीटाकळी यांच्यात झाला. मोनाली आता बार्शीटाकळीची कर्णधार होती. शेवटचं षटक तिनं स्वतःकडे घेतलं. चार चेंडू उरले होते, अंजनगावला पाच धावा हव्या होत्या, आणि खेळपट्टीवर त्यांची प्रियदर्शनी पाय रोवून उभी होती.

तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. पाहुणे दोन तास उशिरा आले होते आणि त्यांना पुढे दुसरा कार्यक्रम होता. सोबत दहा-बारा माणसं, दोघांच्या हातात कॅमेरे. मंडपाकडे न वळता ते थेट खेळपट्टीवर आले आणि बॅटसाठी प्रियदर्शनीसमोर हात पुढे केला. तिनं बॅट दिली नाही, पण मागेही घेतली नाही. ती पंच म्हणून उभ्या असलेल्या साधनाकडे पाहत राहिली. सीमारेषेवरून किसनराव खुणेनं होऊ द्या, होऊ द्या म्हणत होते.

साधना चालत मधे आली.

"साहेब, सामना सुरू हाये."

"एकच चेंडू खेळतो, ताई. फोटो झाला की निघालो."

"सामना संपला की सहा खेळा, मी सोता टाकते. आता चार चेंडू बाकी हायेत, ते या पोरींचे हायेत. तुमी मंडपात बसा जी."

भर गर्दीच्या गाडीत पुढे सरका म्हणताना जो आवाज असतो, तोच हा होता. त्यात राग नव्हता आणि विनवणीही नव्हती. पाहुण्यांनी आजूबाजूला पाहिलं. मैदानातल्या तेराही मुली आपापल्या जागी तशाच उभ्या होत्या. ते थोडं हसले, बूट झटकले आणि मंडपाकडे निघाले. त्यांच्यामागे सगळी माणसं गेली. साधनानं खेळपट्टीवर उमटलेले ठसे पाहिले, मोनालीला चेंडू दिला आणि खेळ सुरू केला.

शेवटच्या चेंडूवर तीन धावा उरल्या. प्रियदर्शनीनं चेंडू कव्हरकडे ढकलला. एक धाव झाली, बरोबरीसाठी दुसरीला दोघी धावल्या आणि फेक साधनाच्या टोकाला आली. ती आधीच बाजूला सरकून रेषेत उभी होती. बेल्स उडाल्या तेव्हा बॅट टीचभर बाहेर होती. तिनं बोट वर केलं. बार्शीटाकळी एका धावेनं जिंकली. साधनाच्या माहेरचा संघ हरला. प्रियदर्शनीनं येऊन तिच्याशी हात मिळवला.

बक्षीस देताना पाहुणे खेळावर थोडकंच बोलले. बॅट काही त्यांनी मागितली नाही. गाडी गेल्यावर किसनराव तिच्याजवळ येऊन बसले.

"मले तं घाम फुटला होता," ते म्हणाले.

"मले नाई फुटला, सर. अकोला गाडीत याहून मोठे साहेब बसतात."

मार्चमध्ये अमरावतीहून फोन आला. मुलींच्या जिल्हा सामन्यांना तीन दिवस पंच हवी होती. साधनानं आगारात रजेचा अर्ज दिला आणि कारणाच्या रकान्यात 'पंच म्हणून काम' असं लिहिलं. कारकुनानं ते दोनदा वाचलं आणि कोणत्या गावचं भांडण मिटवायचं आहे, असं विचारलं. साधनानं त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं सही केली आणि त्याची पुतणी सातवीत आहे, चेंडू बरा टाकते, तिला कुठं पाठवायचं, ते विचारून घेतलं.